कोणापासून लपायचे?

जपानच्या मुख्य बेटावर शिकारीचा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि १५ फेब्रुवारीला संपतो. उत्तरेकडच्या होक्काइदोत तो १ ऑक्टोबरलाच उघडतो. या दिवसांत डोंगरात शिरणाऱ्या बंदूकधाऱ्याच्या अंगात बहुधा झगझगीत केशरी बंडी आणि डोक्यावर तशीच टोपी असते. समोरच्या उतारावरच्या माणसाच्याही डोळ्यांत भरेल असा तो रंग. तरीही हरीण त्याच्या टप्प्यात येते, थबकते, खाली मान घालून चरायला लागते. छद्मवेष म्हटले की आपल्यापुढे हिरव्या पानांचे छापील कापड, अंगभर लोंबणाऱ्या चिंध्या आणि तोंडाला फासलेली काजळी उभी राहते. त्या चित्रात हा केशरी माणूस बसत नाही. मला वाटते, चूक त्या चित्रात आहे. शिकारीचा वेष घरी बनवायला बसलेल्या माणसाने आधी ठरवायला हवे ते हे, की आपल्याला पाहणार कोण. जपानी रानात पाहणारे दोघे असतात : सावज आणि दुसरा शिकारी. दोघांचे डोळे निसर्गानेच निराळे केले आहेत, म्हणून एकापासून लपता लपता दुसऱ्याला लख्ख दिसत राहणे शक्य आहे. चांगला घरगुती वेष हाच फरक नेमका वापरतो. वाईट वेष दोघांपासून लपवतो आणि जिवावर बेततो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे हा खटाटोप जपानमध्ये अजून कशासाठी, असे मराठी वाचकाला वाटेल. जपानच्या भूमीचा दोन तृतीयांश भाग जंगलाखाली आहे आणि त्यातले सुमारे चाळीस टक्के जंगल माणसाने लावलेले आहे, मुख्यतः सुगी आणि हिनोकी या सरळसोट सूचिपर्णी झाडांचे. डोंगरातली खेडी ओस पडत गेली तशी सिका हरणे आणि रानडुकरे शेतांपर्यंत उतरली. वन्यप्राण्यांनी केलेले पिकांचे नुकसान वर्षाला दीड हजार कोटी येनच्या घरात जाते. या दोन प्राण्यांची संख्या दहा वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट सरकारने २०१३ साली ठरवले. ते पार पाडणारे हात मात्र कमी होत गेले : १९७५ च्या सुमारास शिकारीचे परवानेधारक पाच लाखांवर होते, आता ते दोन लाखांच्या आसपास आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक साठी उलटलेले आहेत. थोड्या, वयस्कर माणसांनी अवघड उतारांवर करायचे हे काम आहे. त्यात वेषाची निवड जिवाशी निगडित आहे.

सुरुवात सावजाच्या डोळ्यापासून करू. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. जेराल्ड जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली पांढऱ्या शेपटीच्या हरणावर आणि फॅलो हरणावर केलेल्या मोजमापांत एक पेशी निळ्या प्रकाशाला, साधारण ४५० नॅनोमीटरजवळ, तर दुसरी हिरव्या प्रकाशाला, साधारण ५४० जवळ सर्वाधिक प्रतिसाद देते असे दिसले. लाल-केशरीसाठी वेगळी पेशीच नाही. डुकराचे डोळेही दोन पेशींचेच आहेत. शिकाऱ्याच्या बंडीचा केशरी रंग ६०० नॅनोमीटरच्या आसपास चमकतो, म्हणजे हरणाच्या डोळ्यात तो वाळल्या पाचोळ्याच्या जातीतलाच एक भुरकट-पिवळा ठरतो. याउलट आपल्याला निरुपद्रवी वाटणारी निळी जीन्स हरणाच्या सर्वांत तीक्ष्ण पेशीवर जाऊन आदळते. रानात निळी पँट घालून केशरी बंडीला नावे ठेवणारा माणूस आपल्या डोळ्यांनी हरणाचे जग पाहत असतो. या डोळ्याच्या दोन गोष्टी आणखी लक्षात ठेवायला हव्यात. डोक्याच्या दोन्ही बाजूंना बसवलेले हे डोळे जवळजवळ चहूकडचे क्षितिज एकदम पाहतात. बारीक तपशील त्यांना माणसाइतका दिसत नाही. पण जरा काही हलले की टिपतात, आणि संधिप्रकाशात तर आपल्यापेक्षा कितीतरी सरस काम करतात.

यातून घरगुती वेषासाठी निघणारा निष्कर्ष थोडा अनपेक्षित आहे. पानांची हुबेहूब नक्कल करण्यात फारसा अर्थ नाही. छापील कापडावरची बारीक पाने हाताच्या अंतरावर सुरेख दिसतात. पन्नास मीटरवर ती एकमेकांत मिसळून एक गडद गोळा होतो, आणि त्या गोळ्याला दोन खांदे, एक मान, एक वाटोळे डोके असते. दोन पायांवर उभ्या असलेल्या प्राण्याची ती आकृती हरणाला पुरेशी आहे. मोडायची ती ही आकृती. मध्य भारतातल्या पारध्यांविषयी रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात एका पोटगटाची नोंद आहे : बैलाच्या आडून सावजाजवळ जाणारे. त्यांच्या अंगावर पान नव्हते, रंग नव्हता. चार पायांच्या, संथ चरणाऱ्या देहाआड दोन पायांची आकृती झाकली गेली की काम होत असे.

जपानमध्ये आकृती मोडणारे वस्त्र शेकडो वर्षे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात खुंटीला टांगलेले होते, आणि ते शिकारीसाठी बनवलेलेच नव्हते. ते म्हणजे मिनो, पाऊस आणि बर्फ अडवणारा गवती झगा. कोकणातले इरले ज्या गरजेतून आले त्याच गरजेतून मिनो आला; फरक इतकाच की इरल्याला बांबूचा ताठ सांगाडा असतो आणि मिनो अंगावरून सैल ओघळतो. भाताच्या काडाची बाहेरची पाने काढून टाकायची, काड किंचित ओले करून लाकडी मोगरीने ठोकून मऊ करायचे, मग गळपट्टीपासून खाली एकावर एक अशा ओळींत त्याच्या जुड्या बांधत जायचे. पाणी काडाच्या टोकांवरून निथळून जाते. वरून रुंद शंकूसारखी टोपी घातली की मान नाहीशी होते, खांदे उतरते होतात, कंबर राहत नाही. माणूस म्हणून ओळखण्याच्या सगळ्या खुणा एकदम पुसल्या जातात, आणि हे जपानी माणसाला फार पूर्वीच जाणवले होते. ७२० साली पूर्ण झालेल्या निहोन शोकी या ग्रंथात देवलोकातून हाकललेला सुसानोओ हा देव पावसात हिरव्या गवताची टोपी आणि झगा करून दारोदार आसरा मागतो, आणि कोणी त्याला घेत नाही. आकिता प्रांतातल्या ओगा द्वीपकल्पावर वर्षाअखेरीच्या रात्री घरोघर येणारे नामाहागेही मुखवट्याखाली पेंढ्याचेच वस्त्र घालतात. अशा दहा विधींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. पेंढा पांघरला की ओळखीचा शेजारी परका होतो, हा अनुभव त्या विधीच्या मुळाशी आहे. सावजाच्या बाबतीत शिकाऱ्याला साधायचा परिणाम याच जातीचा आहे. स्कॉटलंडच्या शिकार-रखवालदारांचा चिंध्यांचा झगा १९०० साली उभारलेल्या लोव्हॅट स्काउट्समार्फत सैन्यात गेला आणि जगभर प्रसिद्ध झाला. त्याचेही तत्त्व हेच : कडा विस्कटायच्या.

आता प्रत्यक्ष बनवणीकडे. जपानी हंगाम हिवाळ्याचा असल्यामुळे बाजारातला गर्द हिरवा छापा बहुतेक ठिकाणी पहिल्याच फेरीत बाद होतो. नोव्हेंबरनंतर पानगळीचे जंगल तपकिरी-करडे असते, उघड्या उतारांवर सुसुकी गवत पेंढ्याच्या रंगाचे होऊन उभे असते, आणि उत्तरेकडे जमिनीलगत सासा नावाचा बुटका बांबू दाट माजलेला असतो. कुमाझासा या त्याच्या प्रकाराचे एक पान हातात घेऊन पाहावे : मधला भाग हिवाळ्यातही हिरवा राहतो आणि कडेकडेने बोटभर पट्टी वाळून पांढुरकी होते. त्यामुळे सासाची जाळी लांबून हिरवी दिसतच नाही. फिकट आणि गडद रेघांची गुंतवळ दिसते. ही रेघांची गुंतवळ कारखान्याच्या छाप्यात सहसा नसते. घरी ती सहज साधते. जुने, मऊ, तपकिरी सुती किंवा लोकरी कामाचे कपडे पाया म्हणून घ्यावेत. हालचालीबरोबर सळसळणारे नायलॉन टाळावे. त्यावर खांदे आणि पाठीचा खालचा भाग झाकेल एवढे शेतावर पाखरांसाठी लावतात तसले किंवा जुने मासेमारीचे जाळे टाके घालून बसवावे. गोणपाटाच्या वीतभर-दीड वीत लांबीच्या पट्ट्या कापून त्यांचे आडवे धागे उसवावेत, म्हणजे टोके मोकळी होऊन लोंबतील, आणि त्या जाळ्याच्या गाठींना बांधाव्यात. रंग तीनच पुरतात : गोणपाटाचा मूळ पेंढ्यासारखा, चहाच्या कडक पाण्यात उकळून आणलेला सालीचा तपकिरी, आणि थोडासा मळकट हिरवा. फिकट आणि गडद पट्ट्या शेजारी-शेजारी, ओबडधोबड पुंजक्यांनी बांधाव्यात. सारख्या अंतरावर बांधल्या तर लांबून पुन्हा एकच सपाट रंग होतो. शेवटचा एक पंचमांश भाग रिकामा सोडावा आणि जिथे बसायचे तिथलेच वाळके गवत त्यात खोवावे.

पट्ट्या कुठे बांधू नयेत, हे कुठे बांधाव्यात याहून महत्त्वाचे आहे. छातीवर आणि दस्ता टेकतो त्या खांद्याच्या खोबणीत एकही धागा नको. मनगटापासून कोपरापर्यंतही नको, कारण लोंबता दोरा घोड्याच्या कडीत अडकणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. सुकलेले गोणपाट आणि पेंढा ठिणगीने भडकतात, म्हणून तंबूतल्या शेगडीजवळ हा झगा कधी न्यायचा नाही. शिवाय गोणपाट पाणी पिते. ईशान्येकडच्या तोहोकूच्या ओल्या बर्फात गुडघ्यापर्यंत लांब झगा अर्ध्या दिवसात ओझे होऊन बसतो; तिथे मिनोसारखा कंबरेपर्यंतचा आखूड झगाच बरा.

डोळ्यांची बाजू इथे संपत नाही, कारण घरगुती वेषात सर्वांत जास्त चुका धुण्याच्या बादलीत होतात. कपडे धुण्याच्या बहुतेक पावडरींत शुभ्रता वाढवणारी चमकद्रव्ये असतात. ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात, म्हणजे हरणाची जी पेशी सर्वांत तीक्ष्ण, नेमकी तिलाच हाक घालतात. मेहनतीने विणलेला तपकिरी झगा अशा पावडरीत एकदा धुतला की संधिप्रकाशात सावजाच्या डोळ्यात खुपू शकतो. साध्या, चमकद्रव्य नसलेल्या साबणाने तो धुवावा. गोणपाटाची गोष्ट वेगळीच : तागाचे धागे मऊ करण्यासाठी कारखान्यात त्यांना खनिज तेल लावतात आणि नव्या पोत्याला त्याचा रॉकेलसारखा वास असतो. तो जाईपर्यंत गोणपाट पुन्हापुन्हा धुऊन उन्हात टाकावे लागते. वास पूर्ण घालवता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. हरीण, डुक्कर आणि अस्वल यांच्या नाकापुढे कोणताही झगा अपुरा आहे. त्यावर उपाय वाऱ्याची दिशा हाच.

एक आक्षेप इथे रास्त आहे. ईशान्य जपानचे मातागी, आकितातल्या आनीसारख्या गावांतले पिढीजात शिकारी, असले काही न करता अस्वले मारत आले. मग झग्याची गरजच काय? त्यांची पद्धत पाहिली की उत्तर मिळते. वसंतात, बर्फ अजून उतारांवर असताना, ते गटाने हाका करत. हाकारे खालून ओरडत चढायचे, अस्वल वर पळायचे, आणि कड्याच्या वाटेवर बंदूकधारी बसलेला असायचा. त्याला सावजाकडे जायचे नव्हते. सावज त्याच्याकडे येणार होते, तेही मागच्या आवाजाने घाबरलेले. त्याचे काम वारा पाहून जागा धरणे आणि तासन् तास न हलणे. म्हणजे मातागींनी लपण्याचे काम कपड्यावर न टाकता जागेवर आणि शरीरावर टाकले. हे मी माझ्या म्हणण्याविरुद्धचा पुरावा मानत नाही, उलट त्याचा आधार मानतो. जो हलतो त्याला कोणताही झगा वाचवत नाही. ज्याच्याकडे दहा हाकारे आहेत त्याला झगा नसला तरी चालते. आज परवानेधारक घटल्यामुळे एकटादुकटा माणूस हळूहळू, माग काढत चालतो, आणि झग्याचा उपयोग होतो तो त्यालाच, तोही थांबून बसल्यावर. मातागींची आणखी एक गोष्ट आता परत येणार नाही : त्यांच्या अंगावरचे कामोशिकाचे कातडे. हा डोंगरी रानबकरा १९५५ पासून विशेष नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षित आहे.

दुसरा आक्षेप उत्साही नवशिक्यांचा. परदेशी चित्रफितींतले शिकारी डोक्यापासून पायापर्यंत पानांत बुडालेले असतात, मग केशरी बंडीची अडगळ कशाला? त्यांतले अनेक जण धनुष्यबाणाने शिकार करतात. त्यांना वीस-तीस मीटरपर्यंत जावे लागते आणि बाणांच्या खास हंगामात रानात बंदुकाही कमी असतात. जपानमध्ये धनुष्यबाणाने शिकार करायला बंदी आहे. नव्या परवानेधारकाच्या हातात छऱ्याची बंदूक येते, कारण रायफलसाठी आधी सलग दहा वर्षे बंदूक बाळगलेली असावी लागते. एकच जड गोळी टाकणाऱ्या त्या बंदुकीला पन्नास मीटर हे सोयीचे अंतर आहे. त्या अंतरावर डोक्यापासून पायापर्यंत झुडूप होण्याची गरज नाही, आणि आजूबाजूच्या प्रत्येकाच्या हातात दूरवर जाणारी गोळी असताना झुडूप होणे हा वेडेपणा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये होक्काइदोतल्या एनिवा येथे राष्ट्रीय वनात काम करणारा वनकर्मचारी हरीण समजून झाडलेल्या गोळीने मेला. अशा बातम्या वाचूनही जो कोणी पूर्ण झाकणारा वेष शिवतो, त्याने आपल्याला पाहणाऱ्या दोघांपैकी एकाचा विचारच केलेला नसतो. दाई निहोन र्योयूकाई ही शिकाऱ्यांची देशव्यापी संघटना सदस्यांना केशरी बंडी आणि टोपी देते, त्यामागे हीच काळजी आहे.

म्हणून जाळे खांद्यांवर आणि पाठीच्या खालच्या भागावर, केशरी रंग छातीवर, डोक्यावर आणि पाठीच्या वरच्या भागात, तोही मोकळा. केशरीचा रंग हरणाला कळत नसला तरी उजेड-अंधार कळतो. मोठा सलग ठोकळा फिकट डाग म्हणून दिसू शकतो. त्याचे तुकडे करण्याचा मोह इथे टाळावा, कारण सलग ठोकळाच माणसाला लांबून ओळखू येतो. कडा विस्कटण्याचे काम बंडीच्या भोवतीच्या पट्ट्यांना करू द्यावे आणि पाठ झाडाच्या जाड बुंध्याला टेकवावी, म्हणजे बुंध्याच्या गडद पार्श्वभूमीत आकृती विरते. पांढऱ्या रंगाची मात्र सक्त मनाई. सिका हरीण बुजले की बुडाचे पांढरे केस फुलवते आणि जंगलात आधी तोच पांढरा ठिपका चमकतो. गळ्यात अडकवलेला पांढरा टॉवेल, पांढरे हातमोजे, खिशातून बाहेर आलेला रुमाल दुसऱ्या शिकाऱ्याला तसाच भासतो. बर्फात पांढरा झगा चांगला, असे वाटणाऱ्यांनाही हेच उत्तर. शिवाय बर्फ अतिनील किरण परावर्तित करतो आणि पावडरीने धुतलेले पांढरे कापड ते शोषून घेते, त्यामुळे आपल्याला सारखे दिसणारे दोन पांढरे प्रत्येक प्राण्याला सारखे दिसतीलच असे नाही. रेनडिअरला अतिनील दिसते हे तर प्रयोगांनी सिद्ध झाले आहे.

बदकांच्या बाबतीत मात्र वरचे गणित उलटते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पक्ष्यांना चार प्रकारच्या शंकुपेशी असतात. केशरी त्यांना आपल्यापेक्षाही चांगला कळतो. जपान्यांनी यावर शोधलेला उपाय मला कोणत्याही झग्यापेक्षा जास्त बुद्धिमान वाटतो. तोक्योच्या हामा-रिक्यू उद्यानात १७७८ आणि १७९१ साली बांधलेली दोन बदक-तळी आजही पाहायला मिळतात. मोठ्या तळ्यातून अरुंद चर काढलेले, चराच्या दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध, टोकाला छोटी टेकडी आणि तिच्यात डोळ्यापुरते भोक. आतला माणूस लाकडी फळी वाजवून दाणे टाकी, माणसाळवलेली बदके आवाजाच्या सवयीने चरात शिरत, रानबदके त्यांच्या मागोमाग. मग बांधाआड दबलेले लोक हातजाळी घेऊन उठत. सम्राटाच्या घराण्याकडच्या सैतामा आणि चिबा इथल्या तळ्यांवर पाहुण्यांसाठी ही पद्धत अजून चालते. पकडलेल्या बदकांच्या पायात कडी घालून त्यांना सोडून देतात. इथे वेष नाहीच, लपण आहे. भिगवणच्या पाणथळीवर पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांनाही झग्यापेक्षा असा आडोसाच जास्त उपयोगी पडेल.

मग सावजाला फसवणे हे गैर नाही का, असा प्रश्न उरतो. ज्या देशात डोंगर वाचवण्यासाठी हरणे मारावीच लागतात, तिथे मला शांत उभे असलेले जनावर आणि एक नेमकी गोळी हेच कमी क्रूर वाटते. बुजून पळणाऱ्या हरणावर झाडलेली गोळी पोटात किंवा मांडीत लागते आणि ते रात्रभर रानात तडफडते. झगा जर त्याला पाच मिनिटे निर्धास्त ठेवत असेल, तर ती पाच मिनिटे दोघांच्याही भल्याची आहेत.

वापराचा क्रम शेवटी असा ठेवावा. गाडीपासून बसण्याच्या जागेपर्यंत झगा पिशवीत, अंगावर फक्त केशरी. जागा धरली, वारा तपासला, बुंध्याला टेकले, की झगा खांद्यावर. सूर्यास्तानंतर बंदूक चालवणे कायद्याने मना आहे, म्हणून उजेड उतरायच्या आत गोळ्या काढायच्या, झगा पुन्हा पिशवीत भरायचा. हरीण मिळालेच आणि ते पाठीवर घेऊन उतरायचे असेल, तर केशरी कापडाचा एक मोठा तुकडा त्याच्या पाठीवर आणि शिंगांभोवती घट्ट बांधायचा. त्यासाठी तो सकाळीच पिशवीच्या तळाशी घडी करून ठेवलेला असावा.